अकराव्या परिच्छेदातली नोकरी

१७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टचे एक बडे अधिकारी स्टीफन एलॉप यांनी आपल्या विभागाला पत्र पाठवलं. नोकियाचा मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पत्राची सुरुवात सलगीची. पुढे कंपनीचं धोरण, महागडे फोन, स्वस्त फोन, पुढची दिशा. साडेबारा हजार माणसं घरी जाणार, हे आलं अकराव्या परिच्छेदात. फिनलंडमधल्या ओउलूच्या इंजिनिअरने आपली नोकरी राहिली की गेली हे कळण्यासाठी आधी दहा परिच्छेद धंद्याचं धोरण वाचायचं!

असं पत्र बाहेर पडतं तेव्हा दोहोंपैकी एक घडलेलं असतं. कंपनीत अंतर्गत संवादाचं काम पाहणाऱ्याला विचारलेलं नसतं, किंवा विचारून त्याचं ऐकलेलं नसतं. कारण या कामातला नवखा माणूसही सांगेल की ज्याच्या घरची चूल या बातमीवर अवलंबून आहे, त्याला ती पहिल्या ओळीत द्या. मग कारण द्या. मग पुढे काय होणार ते सांगा.

आपल्याकडे या संवादाच्या माणसाला काय काम देतात? महिला दिनाचं पोस्टर. वाढदिवसाचे मेल. टाउनहॉलचा माइक. दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेचे फोटो. आणि वर्षअखेरीला हिशेब मागतात, की बाबा, तू कंपनीला मिळवून काय दिलंस? ज्याला निर्णय झाल्यावर दाराबाहेर बोलावून ‘यावर जरा छान लिहून दे’ म्हणतात, त्याच्याकडून तुम्ही रंगरंगोटीच करून घेता. मग रंगाऱ्याची किंमत देता आणि हे पदच निरुपयोगी म्हणून मोकळे होता. चूक पदाची नाही, त्याला बसवायच्या जागेची आहे. त्याची खुर्ची निर्णय होतो त्या खोलीत हवी.

हेच काम नीट केलेलंही पाहायला मिळतं. ५ मे २०२०, कोविडने पर्यटन ठप्प झालेलं. एअरबीएनबीने साडेसात हजारांपैकी सुमारे १,९०० माणसं कमी केली. कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांच्या पत्रात आकडा होता आणि कारण होतं. अमेरिकेतल्या माणसाला किती पैसे मिळणार हेही होतं: चौदा आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा. आरोग्य विमा वर्षभर. लॅपटॉप परत करू नका, नवी नोकरी शोधायला लागेल. तुमच्याशी कोण बोलणार, कधी बोलणार, तेही. नोकरी गेली ती गेलीच, तिचं दुःख त्या पत्राने कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण घरी जाऊन बायकोला किंवा नवऱ्याला काय सांगायचं, ते त्या माणसाच्या हातात होतं. वाचणाऱ्याच्या मनातले प्रश्न आधी कागदावर मांडून मग लिहायला बसलं, तरच असं पत्र लिहिता येतं. ही कारागिरी आहे. ती शिकावी लागते आणि तिला वेळ लागतो.

आता उलटं उदाहरण. १७ मार्च २०२२. ब्रिटनच्या पी अँड ओ फेरीजने सुमारे आठशे खलाशांना आधीच चित्रित करून ठेवलेला व्हिडिओ दाखवला: आजच तुमची नोकरी संपली. आठवड्याभरात कंपनीच्या प्रमुखांना ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. युनियनशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं, आणि ती जाणूनबुजून टाळली, हे त्यांनी तिथे कबूल केलं. या निर्णयाला कोणताच शब्द वाचवू शकला नसता. इथे संवाद सांभाळणाऱ्याचं काम एकच उरतं, ‘हे मी पाठवणार नाही, तुम्हीही पाठवू नका’ असं तोंडावर सांगणं. हे सांगण्याचा अधिकार ज्या पदाला नाही, ते पद म्हणजे टंकलेखन.

आणि बोलणं नुसतं वरून खाली जात नाही. खालून वर जाणारं बोलणं जास्त मोलाचं, आणि तेच तुंबतं.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे तैवानच्या विस्ट्रॉनचा आयफोन जोडणीचा कारखाना होता. १२ डिसेंबर २०२० च्या सकाळी रात्रपाळी सुटताना कामगारांचा बांध फुटला. काचा फुटल्या, गाड्या उलटल्या. मोडतोड चूकच होती. पण नंतर सरकारी तपासणीत काय निघालं ते पाहा. थोड्याच काळात कामगार पाच हजारांवरून साडेदहा हजारांवर गेले होते, एचआर विभाग मात्र तोकडाच राहिला. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. हजेरीच्या यंत्रणेत बिघाड होता आणि तो वेळेवर दुरुस्त झाला नाही. ओव्हरटाइम किती, कपात कशाची, हातात इतकेच का, याचा मेळ कामगाराला लागेना. काही कामगारांना पगार नीट आणि वेळेवर मिळाला नाही, हे कंपनीने नंतर मान्य केलं, माफी मागितली, भारतातला कारभार पाहणाऱ्या उपाध्यक्षाला हटवलं. ॲपलने दुरुस्ती होईपर्यंत नवं काम देणं थांबवलं.

पगारच चुकत असेल तर गोड बोलून भागत नाही, हे उघड आहे. पण हजारो माणसांचा हिशेब चुकतोय ही गोष्ट कारखान्यात गुपित राहूच शकत नाही. कँटीनमध्ये, बसमध्ये, गेटवर रोज तेच बोललं जातं. ते ऐकून ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या टेबलावर, नरम न करता, ठेवणारा माणूस लागतो. लाइन लीडर ते करत नाही, कारण त्याला स्वतःच्या बढतीची भीती. सुपरवायझर ते ‘किरकोळ नाराजी’ म्हणून वर सांगतो. मॅनेजर तेवढंही सांगत नाही. मजल्यामजल्यावर बातमी सौम्य होत जाते आणि वर पोचेपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ होते. संवादाच्या माणसाची खरी कमाई इथे आहे, आणि ती ताळेबंदात दिसत नाही. ती नसल्याचं बिल मात्र दिसतं.

कामगारांशी नीट बोलणं हे नवं परदेशी फॅड आहे असं समजणाऱ्यांनी आपलेच जुने कायदे चाळावेत. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने सांगितलं, की नोकरीचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दारापाशी आणि प्रत्येक खात्यात लावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली भर पडली, की पगार किंवा कामाचे तास बदलायचे तर एकवीस दिवस आधी नोटीस द्या. त्या पिढीच्या माणसांना हे कळत होतं. आज चाकण, रांजणगाव, वाळूजला कंत्राटावर बिहार, ओडिशा, बंगालमधून आलेली मुलं काम करतात. त्यांना कंपनीचा ईमेल पत्ता नाही, आणि पाळी बदलल्याचं इंग्रजी सर्क्युलर ऑफिसातल्या मेलबॉक्सांत फिरत राहतं. त्यांना ते कंत्राटदाराच्या मुकादमाकडून कळतं, त्याला समजलं असेल तितकं.

तेव्हा मालकहो, पुढचं सर्क्युलर काढण्याआधी एक करा. तुमच्या संवादाच्या माणसाला ते घेऊन रात्रपाळीला पाठवा. चार जणांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवू दे. ते पहिला प्रश्न काय विचारतात ते लिहून आणू दे. त्याचं उत्तर पहिल्या ओळीत घाला, आणि उत्तर नसेल तर सर्क्युलर थांबवा.