तात्या मागून बघतात

मारुतीच्या देवळापुढं नव्या ट्रॅक्टरची पूजा चालली होती. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, भटजी घाईत. सगळं गाव पुढच्या अंगाला जमलेलं. कुणी हॉर्सपॉवर विचारत होतं, कुणी हप्ता. मागच्या बाजूला एकटे तात्या होते. उकिडवे बसलेले, चष्मा कपाळावर, डोकं दोन चाकांच्या मधोमध. इकडं नारळ फुटला आणि तिकडून आवाज आला, "आरं, ही पिन हाय का मच्छरदानीचा खिळा?"

मालकाच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. सात-आठ लाखांचं यंत्र दारात उभं, आणि ह्या माणसाला त्यातली एवढी एकच वस्तू दिसली.

तात्या साखर कारखान्याच्या यार्डात तीस वर्षं फिटर होते. हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन चारचाकी ट्रॉल्या, एकेकीत दहा टनांच्या आसपास ऊस, वर ड्रायव्हरच्या टेपवर गाणी. असं ओढत आणलेलं सगळं लेंढार ज्या लोखंडी दांडक्यावर, म्हणजे पिनेवर, लटकलेलं असतं, ते दांडकं तपासणं हे तात्यांचं काम. पुढं ते निवृत्त झाले, नजर मात्र झाली नाही. आता ते माणसंसुद्धा पिनेवरून ओळखतात. "कोण? त्यो सळईवाला व्हय?" म्हणजे पिनेच्या जागी स्लॅबची उरलेली सळई वाकवून घालणारा. "त्यो? पान्हेवाला." म्हणजे त्याच जागी पान्ह्याची मूठ खुपसणारा. पिन निसटू नये म्हणून लावायची क्लिप न लावणाऱ्याला ते नावच ठेवत नाहीत. त्याच्याशी बोलतही नाहीत.

त्यांच्या सायकलला कापडी पिशवी लटकलेली असते. तिच्यात व्हर्नियर, ग्रीसची डबी, चार-पाच क्लिपा आणि एक जुनी झिजलेली पिन. झिजलेली पिन 'पुरावा' म्हणून. मधोमध ती अशी खाल्ली गेली आहे की हाताला कंबर लागते. कुणी वाद घातला की तात्या ती काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि काही न बोलता बघत राहतात. मी त्यांना वाद हरलेलं पाहिलेलं नाही.

ट्रॉली अडकवायचा हूक कसा निवडायचा, हे मी एकदा चुकून विचारलं. मी शाळामास्तर, मला कुठं ट्रॉली ओढायची होती! पण लेकानं विचारलं तर कौतुक आणि मास्तरनं विचारलं तर दुप्पट कौतुक. ते अंगणात बसले, काडीनं मातीत रेघा ओढल्या.

"मास्तर, दोन चाकी ट्रॉली म्हंजे म्हातारी. काही भार तुमच्या खांद्यावर टाकून चालती. चारचाकी आपल्या पायावर चालती, तिला नुसतं बोट द्यायचं. आता म्हातारीला बोट दिलं तर काय हुईल?"

"पडेल."

"आन् तुमालाबी पाडंल. म्हणून दोन चाकीला हूक पायजे खालनं वजन पेलणारा. चारचाकीला ओढ सोसणारा. गावात समद्यांनी एकच हूक बसवलाय, आन् वर म्हणत्यात, चालतंय की!"

मग उंची. हूक जितका वर, तितका ट्रॅक्टर चढावर पुढून हलका, आणि शेवटी घोड्यागत उभा. म्हणून अडकलेला ट्रक काढायला साखळी हुकाऐवजी वर, टॉप लिंकच्या जागी बांधणाऱ्यांना तात्या दुरूनच शिव्या घालतात. मग पिन आणि भोक. भोकात पिन घालून शेजारून करंगळी आत गेली, तर ती ट्रॉली आपल्या दारात आणायची नाही. गाडी थांबता-निघता धाडधाड आपटते आणि भोक लंबगोल होत जातं. पिन लेथवाल्याकडून ईएन-एट पोलादाची करून घ्यायची. मग फिरता हूक. "ट्रॉली पालथी व्हायची तर एकटी हू दे. ड्रायव्हरला संगट कशाला?"

दोन तास गेले. मध्ये त्यांनी फर्ग्युसनसाहेबांना हात जोडले. ट्रॅक्टरची तीन पॉइंटची लिंक ज्यांनी रुळवली ते हॅरी फर्ग्युसन. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरला ती लागली आणि अवजार ट्रॅक्टरच्या मागं फरफटायचं बंद होऊन त्याच्या अंगालाच जडलं. इथवर तात्यांचं बरोबर होतं. पण पुण्याचं कॉलेज ह्याच साहेबाच्या नावानं आहे, अशी त्यांची खात्री. मी म्हटलं, "तात्या, ते जेम्स फर्ग्युसन, मुंबई प्रांताचे गव्हर्नर. कॉलेज १८८५ चं." तात्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "गव्हर्नर किती आले आन् गेले, मास्तर. लिंक कुणी काढली?"

पुण्याला कृषी प्रदर्शनात त्यांना मीच घेऊन गेलो होतो. तिथं युरोपात ट्रेलर अडकवायला वापरतात तो ८० मिलिमीटरचा गोळा मांडलेला होता, वर वाटी घट्ट बसणारी, धाडधाड नावाला नाही. तात्यांनी त्याच्यावरून तळवा फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. स्टॉलवरचा पोरगा माहितीपत्रक घेऊन धावला. तात्या म्हणाले, "गोळा झकास हाय. पर ह्याच्यावर बसायची वाटी आमच्या गावात कुठल्या ट्रॉलीला हाय, ते सांग." आणि पुढच्या स्टॉलला चहा प्यायला गेले.

ह्या सगळ्याला मी हसत होतो, घर बांधायला काढेपर्यंत. विटांची दोन चाकी ट्रॉली दारात लागली. तात्या सायकल टेकवून मागं गेले, वाकले आणि म्हणाले, "सळई हाय. क्लिप न्हाई. मास्तर, विटा मागनं उतरवाय सांगा." ड्रायव्हर म्हणाला, "रोजचं हाय आजोबा." गडी सावलीच्या बाजूनं, म्हणजे पुढून, उतरवायला लागले. पुढचा भार कमी होत गेला, मागचा तसाच. निम्म्यावर आल्यावर ट्रॉलीची दांडी हळूच वर उचलली, सळई भोकातून उपसून निघाली आणि उरलेल्या विटांसकट ट्रॉली मागं बसली, बैलगाडी उलाळ होते तशी. बाजूला मळत असलेल्या सिमेंटच्या मालात तीनशे विटा गेल्या. माणूस कुणी मागं नव्हता, कारण तात्यांनी आधीच सगळ्यांना ओरडून बाजूला काढलं होतं.

मला वाटलं, आता हे "सांगितलं न्हवतं?" म्हणणार. ते काही बोलले नाहीत. वाकडी झालेली सळई उचलली, पुसली आणि पिशवीत टाकली. पुराव्यात भर.

वास्तुशांतीला लोकांनी सहा भिंतीवरची घड्याळं आणि चार गणपती आणले. तात्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड पुडकं आणलं. आत पिन. ३२ मिलिमीटर, ईएन-एट, दीड किलो, ग्रीस लावलेली, वर कुंकवाचं बोट आणि सोबत क्लिप.

"तात्या, माझ्याकडे ट्रॅक्टर नाही हो."

"घ्याल की. लोक आदी ट्रॅक्टर घेत्यात आन् मग पिन हुडकत्यात."

ट्रॅक्टर काही मी घेतला नाही. वाऱ्यानं पुढचं दार आपटू नये म्हणून ती पिन दाराला लावून ठेवतो. क्लिप शेजाऱ्यानं एक दिवसासाठी म्हणून नेली, ती अजून आलेली नाही.