सही करणारा जनता नाही का?

‘जनता’ हा राजकारणातला सगळ्यात गोड शब्द. नेता तो कसा वापरतो, तिकडे कान देऊन ऐका.

व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ 1999 पासून रविवारी आधी रेडिओवर, मग टीव्हीवर यायचे. कार्यक्रमाचं नाव ‘आलो प्रेसिदेंते’. लोक फोन करून गाऱ्हाणी मांडायचे. समोर मंत्री बसलेले. अध्यक्ष गाणी म्हणायचे, आजीच्या आठवणी काढायचे. एकदा तर हे आठ तासांहून जास्त चाललं. कराकासच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांना हा माणूस आपला वाटला, आणि ते खोटं नव्हतं. आधीच्या राज्यकर्त्यांनी त्यांची विचारपूस केली असती, तर हा कार्यक्रम इतका चाललाच नसता.

पण त्याच कार्यक्रमात एप्रिल 2002 मध्ये त्यांनी सरकारी तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांची नावं एकेक करून घेतली, शिट्टी फुंकली आणि त्यांना घरी पाठवलं. 2010 मध्ये चौकात उभं राहून इमारतींकडे बोट दाखवत ‘ताब्यात घ्या’ म्हणाले. कागदपत्रं मागाहून. टाळ्या आधी.

मी म्हणजेच जनता, असं एकदा ठरलं की विरोध करणाऱ्याला जागाच उरत नाही. तो आपोआप जनतेचा शत्रू होतो. मला या भाषेची भीती वाटते ती इथे. खोट्या आश्वासनांचा हिशेब पुढच्या निवडणुकीत मागता येतो. जनतेतूनच वगळलेल्या माणसाने तो कुठे मागायचा?

राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क व्हेनेझुएलाच्या 1999 च्या राज्यघटनेत आहे. ती राज्यघटना चावेझ यांनीच आणलेली. 2003 च्या अखेरीस वीस लाखांहून जास्त लोकांनी त्या हक्काने चावेझ यांना परत बोलावण्याच्या मागणीवर सह्या केल्या. सही करणाऱ्याचं नाव इतिहासात नोंदलेलं राहील, अशी तंबी खुद्द चावेझ यांनी दिली होती. पुढे एका सत्ताधारी खासदाराने सह्यांची यादी इंटरनेटवर टाकली. ऑगस्ट 2004 मध्ये मतदान झालं, चावेझ जिंकले. यादी मात्र उरली, आणि सरकारी नोकरीच्या दारात ती बघितली जाऊ लागली.

सीमाविषयक सरकारी परिषदेतल्या तीन महिलांना सही केली म्हणून कामावरून काढलं होतं. त्यांच्या हक्कांची पायमल्ली झाली, असा निकाल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये दिला. तोवर त्या सहीला 14 वर्षं उलटली होती.