पुट्टीखालचा कारभार

ज्या देशात वर्षाकाठी सरासरी १२५ मिलिमीटरही पाऊस पडत नाही, त्या देशात मोटारीचा पत्रा गंजावा, हा सृष्टिक्रमाचा उघड भंग आहे, असे ३,००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन लहानाच्या मोठ्या झालेल्या कोणाही कोकणी माणसाला वाटणारच. आणि कुवेतमध्ये जुनी गाडी विकणारे सद्गृहस्थ ‘वाळवंटातली गाडी’ एवढ्या एकाच दाखल्यावर जी किंमत सांगतात, ती याच समजुतीच्या भरवशावर.

वस्तुस्थिती निराळी आहे. उन्हाळा उतरणीला लागला, की आग्नेयेकडून येणारा कौस वारा आखातावरचा दमटपणा शहरात आणून सोडतो. दाराखालच्या पोकळीतून पाण्याचा निचरा व्हावा म्हणून ठेवलेली भोके धुळीने तोपर्यंत बुजलेली असतात. आणि मग आत शिरलेला ओलावा बाहेर पडण्याचे नाव काढीत नाही. १ जून ते ३१ ऑगस्ट या मुदतीत सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करू नये, असा येथील सरकारचा हुकूम आहे. गंज आतल्या आत काम करीत असल्यामुळे तो या हुकमाच्या अंमलाखाली येत नाही.

माझ्या १९८१ सालच्या गाडीच्या मागल्या चाकावरील कमानीवर साबुदाण्याएवढे काही फोड आले होते, एवढीच माझी फिर्याद. शुवैखच्या औद्योगिक वसाहतीतले मिस्त्री रत्नागिरीकडचे, मितभाषी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकीत, ‘टण टण’ ऐकत ते पुढे सरकत होते. एके ठिकाणी ‘भद्’ असे उत्तर येताच त्यांनी हत्यार उलटे धरले आणि त्याचे टोक अत्यंत निर्विकारपणे आरपार घातले.

“साहेब, इथे पत्राच नाही. नुसती पुट्टी आहे.”

पुट्टीखाली तारेची जाळी निघाली, आणि जाळीमागे चुरगळून कोंबलेले अरबी वर्तमानपत्र. पूर्वीच्या मालकाची वाङ्मयीन अभिरुची मला अशा रीतीने प्रथमच कळली.

“वरून पुन्हा पुट्टी भरून भागणार नाही का, मिस्त्री?”

“भागेल की. गाडी विकायची आहे का?”

या प्रश्नापुढे माझी कैफियत संपली. लोखंडाचा गंज झाला, की त्याचे आकारमान मूळच्या कित्येक पटींनी वाढते आणि तो वरच्या रंगाला उचलतो. म्हणजे आपल्याला फोड दिसतो तेव्हा आतला कारभार कधीच आटोपलेला असतो. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापीत जाणे हाच यावर इलाज, आणि निरोगी पत्रा मालकाच्या अंदाजापेक्षा नेहमी वीतभर पलीकडे असतो. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्याबरहुकूम नवा पत्रा बेतला आणि तो जुन्यावर न चढविता कडेला कड भिडवून बसविला. कारण दोन पत्र्यांच्या दुपदरी सांध्यात ओलावा हक्काने मुक्कामाला येतो. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा दूर तिथे, आणि मधल्या वेळात स्वस्थ बसणे: सलग वेल्डिंग केले, तर पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. या स्वस्थतेत चहा येतो, आणि मजुरी तासावर ठरलेली असल्यास त्या चहाइतका महाग चहा साऱ्या कुवेतमध्ये मिळत नाही.

जुनी गाडी पाहावयास निघालेल्या मराठी बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती, की खिशात मऊ फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक असू द्यावे, चाकांच्या कमानींवरून आणि दारांखालून ते सावकाश फिरवावे, आणि ते जिथे पकड सोडील, तिथून पुढची बोलणी पत्र्याच्या नव्हे, पुट्टीच्या दराने करावी.