तब्येतीसाठी घेतो

आमचा मेव्हणा न्यू जर्सीत राहतो. ही गोष्ट एखाद्या वेळी तो विसरेल, पण आम्हाला विसरू देत नाही. कधीकाळी न्यूयॉर्कच्या एका बागेत हातात बियरचा कॅन धरून बसला असताना पोलिसाने त्याला तिकीट फाडून दिलं होतं. लोक तिकडून लिबर्टीच्या पुतळ्याचे फोटो आणतात. हा त्या तिकिटाची झेरॉक्स बाळगून आहे.

"काय शिस्त आहे दाजी! आरडाओरडा नाही, 'चल चौकीवर' नाही. 'गुन्हा कबूल'वर खूण करायची, पंचवीस डॉलर जोडायचे, पाकीट पोस्टात टाकायचं. विषय संपला."

बायकोचा भाऊ असल्यामुळे मी कौतुकाने ऐकतो. त्या शहरात उघड्यावर पिण्याला बंदी आली ती १९७९ साली, एड कॉच महापौर असताना. तिथला जुना रिवाज म्हणजे बाटली खाकी कागदी पिशवीत घालायची आणि पिशवीच तोंडाला लावायची. कायद्याच्या लेखी पिशवीला काडीची किंमत नाही, पण पिणारा लपवल्यासारखं करतो आणि पोलीस न दिसल्यासारखं. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमागे स्टीलच्या पेल्यातून चालतं, तसंच.

मेव्हण्याचा खरा जीव आहे तो ब्रुकलिनच्या एका निकालावर. २०१२ साली तिथल्या न्यायाधीशाने असलाच एक खटला उडवून लावला. पेयात अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच गुन्हा, असं कायदा म्हणतो. मग पोलिसाच्या नाकावर कसा विश्वास ठेवायचा? प्रयोगशाळेतून तपासून आणा! त्याच न्यायाधीशाने आपल्या माणसांना एका महिन्याची ब्रुकलिनमधली तिकिटं चाळायला लावली, तेव्हा ८५ टक्के काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या नावावर निघाली, गोऱ्यांच्या नावावर ४ टक्के. हा भाग मेव्हणा सांगत नाही. शिस्तीच्या कथेत तो नीट बसत नाही.

तर हा कायदेपंडित गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आला, एका संध्याकाळी "जरा पाय मोकळे करतो" म्हणून वेताळ टेकडीवर गेला, आणि रात्री मला चौकीवरून फोन आला.

मी पोचलो तेव्हा बाकावर मेव्हणा होता आणि टेबलावर त्याची बाटली. दोघांचीही फेस येण्याची वेळ टळून गेलेली. हवालदार पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी म्हणे टेकडीवरच विचारलं होतं, "परवाना आहे का?" मेव्हण्याने न्यू जर्सीचं लायसन्स काढून दिलं. हवालदारांनी ते बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं.

"हा चालवायचा झाला. प्यायचा कुठाय?"

मेव्हण्याला ती चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती. आपण जन्मभर 'परमिट रूम'च्या पाट्या वाचतो, पण परमिट कसलं हे कुणी विचारत नाही. दारूबंदीचा १९४९ चा कायदा या राज्यात अजून जिवंत आहे. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. त्याच्या हिशेबाने महाराष्ट्रात दारूबंदीच आहे; फक्त परवाना असलेल्यांना ती लागू नाही. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशी पिणार असाल तर दोन रुपयांना. वर्षाचा शंभर, आजन्म हवा असेल तर हजार. आणि हा परवाना मिळतो कशासाठी? आरोग्याच्या जपणुकीसाठी! मजा म्हणून पिणारा माणूस सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. पंचवीस वर्षं पूर्ण झाली की तब्येत बिघडायला मोकळीक. बियरपुरती ती एकविसाव्या वर्षीच बिघडू शकते.

या कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे एक गृहस्थ कोर्टात गेले होते. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बियर बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला, आणि त्याच यादीत यू-दि-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटरही घातलं. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने कोलोन मोकळं केलं, व्हिस्की तशीच अडकवून ठेवली. म्हणजे वकिलांवर एवढा खर्च करून माणूस घरी परतला तो निव्वळ सुगंधित होऊन.

हे सगळं हवालदार मेव्हण्याला थोडक्यात समजावत होते. "आणि परवाना असता तरी टेकडीवर नाही चालत, साहेब." इथे गप्प बसायचं. पण मेव्हण्याला ब्रुकलिन आठवलं.

"तुम्ही लॅब टेस्ट केलीत का?"

हवालदारांना मनापासून बरं वाटलं. "करू की. चला."

मग सरकारी दवाखाना. तिथे रक्त काढतात, तोंडाचा वास घेतात, डोळ्यांत बॅटरी मारतात आणि सरळ रेषेत चालायला लावतात. मेव्हणा चालला उत्तम. बोलण्यापाशी मात्र डॉक्टर अडले. त्याचे 'र' दारूने घोळतात की न्यू जर्सीने, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे एरवीही असंच बोलतात?" मी शपथेवर हो म्हणालो. अखेर कागदावर आलं : मद्यप्राशन केले आहे, परंतु अमलाखाली नाही. हे वाक्य मला फार आवडलं. अनेक कवींना लागू पडेल.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. पोलीस कायद्याची कलमं ११०-११७, या जोडीला सगळं आवार नावाने ओळखतं. आम्ही केलेल्या वकिलांनी ब्रुकलिनचा निकाल ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे सांगायचं असेल तर परतीचं तिकीट पुढे ढकला. फेब्रुवारीची तारीख पडेल." मेव्हण्याने तिथल्या तिथे गुन्हा कबूल केला. दंड बाराशे रुपये. बाहेर येताच त्याने मोबाइलवर भागाकार केला आणि पंचवीस डॉलरपेक्षा स्वस्त पडलं म्हणून त्याचा चेहरा जरा उजळला.

घरी येऊन त्याने हट्टाने आजन्म परवाना काढला. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर असावा जवळ! छापील प्रत जेवणाच्या टेबलावर राहिली आणि ती सासूबाईंच्या हाती लागली. त्यांनी चष्मा लावून, सही-शिक्क्यासकट, सगळा कागद वाचून काढला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. पोराची शुगर, प्रेशर, गुडघे यांचा हिशेब त्याच ठेवतात.

"आरोग्यासाठी आहे होय," त्या म्हणाल्या. "मग एवढ्या लांब टेकडीवर जाऊन कशाला घेतोस? जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, ते सांग."