व्हायवाला हाड हाती आले असता

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या सर्व उमेदवारांसाठी पुढील सूचना आहेत. फिजिओथेरपी आणि नर्सिंगवाल्यांनीही वाचायला हरकत नाही. आयुर्वेदवाल्यांनी मात्र एकूण हाडे किती, हे आधी परीक्षकांचा कल पाहून ठरवावे. चरकाने 360 मोजली, सुश्रुताने 300, आणि आधुनिक पुस्तकात प्रौढ माणसाची 206 भरतात. चरकाने दात-नखेही हिशेबात धरली होती, हा खुलासा विचारल्याशिवाय करू नये.

तयारीची सुरुवात बोन सेटपासून होते. तो सीनियरकडून घ्यावा. त्यात दोन-चार हाडे कमी निघतात आणि एखादे दोनदा निघते, पण स्नायूंच्या उगमाच्या जागा लाल आणि शेवटाच्या जागा निळ्या आधीच रंगवून मिळतात. पेटी खाटेखाली सरकवावी. घरमालकीण काकूंनी विचारलेच तर ‘हार्मोनियम आहे’ असे सांगू नये. त्या वाजवून दाखवायला सांगतात.

मग उभे राहायला शिकावे. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे ताठ उभे, नजर समोर, पाय जुळलेले, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे. खिशात दमडी नाही हे पटवताना सोडून माणूस असा उभा राहत नाही, तरी सगळे शास्त्र याच माणसाविषयी बोलते. डिसेक्शन हॉलमधला देह टेबलावर आडवा असला तरी तो उभाच आहे असे धरून चालावे. ‘वर’ म्हणजे पंख्याकडे नव्हे, डोक्याकडे. डावा हात त्याचा डावा, तुमचा नव्हे. यावर वाद घालू नये. पलीकडून कोणी बोलत नाही.

आता मुख्य प्रसंग. बाहेरून आलेले परीक्षक ट्रेमधून एक हाड उचलून हातात देतात आणि म्हणतात, ‘‘साइड सांगा.’’ बहुधा ते क्लॅव्हिकल असते, म्हणजे कॉलर बोन. हाड लाटण्यासारखे धरून उभे राहू नये. चपटे टोक बाहेर, खांद्याकडे. जाड, चौकोनी टोक आत, छातीकडे. आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे दबलेला. खोबण असलेली बाजू खाली. एवढे जमले की हाड आपोआप एका खांद्याशी बसते. न जमल्यास घाबरण्याचे कारण नाही, उत्तरे दोनच आहेत. ‘‘उजवे’’ म्हणताच परीक्षक चष्म्यावरून पाहून ‘‘नक्की?’’ म्हणतील. ते बरोबर उत्तरालाही ‘‘नक्की?’’च म्हणतात. अशा वेळी बदलणारा उमेदवार पुढच्या खेपेला पुन्हा याच ट्रेसमोर दिसतो.

त्यांनी सॅक्रम किंवा स्टर्नम पुढे केले तर मात्र साइड सांगण्याची घाई नको. ही हाडे शरीराच्या मध्यरेषेवर असतात. त्यांना डावे-उजवे नाही. दरवर्षी कोणीतरी आत्मविश्वासाने ‘‘डावे, सर’’ म्हणतोच, आणि परीक्षकांचा त्या दिवसाचा चहा गोड होतो.

क्लॅव्हिकलवर पुढचे प्रश्न ठरलेले आहेत. आपल्याकडच्या उड्डाणपुलासारखे या हाडाचे काम सगळ्यांआधी सुरू होते आणि सगळ्यांनंतर संपते: गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरुवात आणि आतले टोक पक्के जुळायला विशी उलटते. मोडते कुठे? दुचाकीवरून पडताना पसरलेला हात रस्त्यावर टेकतो, धक्का दंडातून खांद्यात आणि खांद्यातून या हाडात येतो, आणि जिथे बाक बदलतो त्याच्या आसपास ते तुटते. शेजारच्या टेबलावर कोणाच्या गळ्यात झोळी दिसली तर त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावे.

हालचालींच्या प्रश्नांना बाके वाचवतात. टेबलाखाली हात फिरवून पाहता येतो. तीर्थ घेताना तळहात वर होतो ते सुपिनेशन, पालथा होतो ते प्रोनेशन. पंगतीत मांडी घालून बसताना खुब्याचे फ्लेक्शन, अ‍ॅबडक्शन आणि बाहेरच्या बाजूला रोटेशन, शिवाय गुडघ्याचे फ्लेक्शन, एवढे सगळे होते. त्यात हात घालणारा सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. मध्यरेषेपासून दूर नेणे ते अ‍ॅबडक्शन, जवळ आणणे ते अ‍ॅडक्शन. दोन्हींतला फरक आठवत नसेल तर मधले अक्षर गिळण्याची प्रथा आहे. परीक्षक ते अक्षर परत मागतात. हात बाजूने पूर्ण वर करायचा प्रश्न आला तर एवढे सांगावे की एकट्या डेल्टॉइडने ते होत नाही. खांद्याचे पातेही फिरावे लागते. जबाबदारीवरून हात वर करणाऱ्यांनाही यातून सूट नाही.

स्लाइडमध्ये सगळे गुलाबी-जांभळेच दिसेल. केसाचे मूळ दिसले तर पातळ त्वचा म्हणावे. तळवा आणि तळपाय यांची ती जाड, तिथे केस नाहीत. पाठीची कातडी हाताला कितीही राठ लागो, वरचा थर बारीक असल्याने शास्त्र तिलाही पातळच म्हणते, म्हणजे गेंड्याची कातडी पांघरून फिरणाऱ्यांचीसुद्धा. गोल वेटोळ्यांच्या मधोमध भोक दिसले की ते हाड. क्लॉप्टन हॅव्हर्सचे नाव घ्यावे, 1691 साल सांगावे आणि पुढच्या सूक्ष्मदर्शकाकडे सरकावे. रक्तवाहिन्या अजिबात नाहीत आणि पेशी दोन-दोन, चार-चारच्या घोळक्याने बसल्या आहेत, ती कूर्चा.

मनगटाची आठ हाडे लक्षात ठेवायला सीनियर एक वाक्य शिकवतील. ते घरी म्हणून दाखवू नये.

निकालाआधीच नातेवाइकांची ओपीडी सुरू होते. लग्नाच्या मांडवात काका पँट गुडघ्यापर्यंत सरकवून ‘‘बघ रे, इथे कट्ट वाजतंय’’ म्हणतील. गंभीर चेहऱ्याने गुडघा दोनदा वाकवून पाहावा आणि ‘‘मेनिस्कस असू शकतो’’ असे म्हणावे. काका सगळ्या पंगतीला ते नाव ऐकवतात, आणि संध्याकाळी हाडवैद्याकडून लेप लावून घेतात.