मंगलाष्टकं, चार-के मध्ये

बोरिवली-मुलुंडची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली की माळ्यावरून पितळी पातेली उतरतात आणि त्यांच्यात दडलेल्या लग्नाच्या सीड्याही. पातेल्यांचा निकाल भंगारवाला लावतो. सीड्यांसाठी कुटुंबाची बैठक बसते.

व्हीसीडीत जेमतेम 74 मिनिटं मावत, म्हणून लग्न तीन तबकड्यांत. पहिली नेमकी मंगलाष्टकांत संपायची. काका उठून दुसरी घालेपर्यंत वधूवर अंतरपाटाआड ताटकळत.

आता नव्या फ्लॅटसाठी 55 इंची चार-के टीव्ही आलाय. त्याचे ठिपके सुमारे 83 लाख, व्हीसीडीच्या चित्राचे 352 गुणिले 288, म्हणजे लाखभर. बाकीचे टीव्ही मनाने भरतो. त्यामुळे नवरदेव कोण आणि सनईवाला कोण हे फेट्यावरून ठरवायचं. (आत्याबाई मात्र ओळखू येतात, त्या प्रत्येक फ्रेममध्ये जेवताहेत.)

पण लावणार कशावर? नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. तो लॅमिंग्टन रोडवरून आणावा, तर घरी कोरलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर विटलेला. तबकड्या बनवणारी मोझर बेअर दिवाळखोरीत गेली, आणि त्याआधीच्या कॅसेटकडे वळावं, तर व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने 2016 मध्येच हात टेकले. लग्न अजून टिकलंय, ही तशी गैरसोयच. नाहीतर सीड्याही पातेल्यांबरोबर गेल्या असत्या.

अखेर सगळं क्लाउडवर चढवलं. पासवर्ड न्यू जर्सीच्या भाच्याकडे आहे, आणि तो आत्याबाईंच्या बाजूचा.