आवाज कुणाचा!

माझ्या ओळखीपाळखीत अस्वलावर बसलेला माणूस मी एकटाच. फुशारकी नाही, मला बसवलं होतं. मी पाच वर्षांचा होतो, आम्ही कांजूर गावात एका खोलीत राहायचो आणि मला अंधाराची भीती वाटायची. रात्री मोरीपर्यंत जायचं तरी सोबत लागायची. एके दिवशी गल्लीत डमरू वाजवत दरवेशी आला. त्याच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला अस्वल. आजीने दरवेश्याच्या हातावर चार आणे ठेवले, झोळीत ताटलीभर तांदूळ ओतले आणि मला उचलून अस्वलाच्या पाठीवर ठेवलं. पोराची भीती घालवायचा हा तेव्हाचा सर्वमान्य इलाज होता. अस्वलाला भिजलेल्या गोणपाटाचा वास येत होता. नंतर दरवेश्याने त्याचे दोन केस उपटून ताइतात घालून दिले. परिणाम एवढाच झाला, की अंधाराची भीती होती तिथेच राहिली आणि वर अस्वलाची बसली. आजी पुढे कितीतरी दिवस त्या चार आण्यांवरून मला ऐकवत होती.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. म्हणजे हा सगळा प्रकार बेकायदा होता. पण कायदा नुकताच दिल्लीहून निघाला होता, आणि कांजूरला फास्ट गाडी थांबत नाही.

या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. मुलगा सिअॅटलला स्थायिक झाला, आम्ही दोघं तिकडे गेलो, आणि त्याने जाहीर केलं, “बाबा, यलोस्टोनला जायचं. ग्रिझली दाखवतो.” मी म्हटलं, “लांबून दाखव.” तर म्हणे तिथे नियमच तसा आहे. अस्वलापासून शंभर यार्ड लांब राहायचं. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर. हे अंतर मला डोळ्यांपुढे येईना, म्हणून लोकलच्या डब्यांत मोजलं : साडेचार डबे. सकाळी आठ बावीसच्या गाडीत ज्याने आयुष्यभर कुणापासून साडेचार इंचही अंतर राखलेलं नाही, त्याला हे अंतर चैनीचं वाटलं.

वाटेत एका दुकानातून मुलाने लाल रंगाचा एक डबा घेतला. बेअर स्प्रे. पन्नास डॉलरच्या आसपास. मी सवयीने रुपये केले आणि गप्प बसलो. गाडीत बसल्यावर झाकण काढून मनगटावर मारणार, एवढ्यात सूनबाई किंचाळली. “बाबा, ते अंगाला नसतं लावायचं!” माझी समजूत अशी, की ओडोमॉस लावलं की डास येत नाही, तसं हे लावलं की अस्वल येत नाही. तसं नसतं. त्यात मिरचीचा अर्क असतो आणि तो अस्वल धावून आलं की त्याच्या तोंडावर उडवायचा असतो, साधारण पंधरा मीटरवर आल्यावर. ग्रिझली ताशी पंचावन्न किलोमीटर वेगाने धावतं. म्हणजे पंधरा मीटर कापायला त्याला एक सेकंद. तेवढ्यात मी पिन काढायची, नेम धरायचा आणि वारा कुठून येतोय तेही बघायचं. मला साधी शाम्पूची पुडी दातांनी फाडावी लागते. आमच्या हिने डबा हातात घेऊन त्यावरचं सगळं बारीक अक्षर वाचलं आणि एवढंच म्हणाली, “मिरचीला पन्नास डॉलर? मी घरून आणलं असतं की तिखट.”

घरून तिने बाकी सगळं आणलं होतं. तळावर पोचल्यावर कळलं, की वासाचा कुठलाही पदार्थ तंबूत ठेवायचा नाही, अस्वल येतं. प्रत्येक जागेपाशी एक लोखंडी पेटी, तिला अस्वलाच्या पंजाने उघडणार नाही अशी कडी. त्यात खाणं ठेवायचं. टूथपेस्टसुद्धा. शेजारच्या अमेरिकन जोडप्याने पेटीत एक ब्रेड आणि एक बाटली ठेवली. आमच्या पेटीत भाकरवडी, चिवडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि हिंगाची डबी गेली. दार लागेना. मी खांदा लावून ते ढकललं, विरारची गाडी पकडणारा माणूस पुढच्यांना ढकलतो तसं. एवढं करूनही हिंगाचा वास पेटीबाहेर आलाच. त्या रात्री आमच्या आसपास अस्वल काय, चिपमंकही फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी पायवाटेने चालायचं होतं. त्याआधी उद्यानाच्या कार्यालयात रेंजरबाईंनी सूचना दिल्या. एकट्याने जाऊ नका, तीनचार जण मिळून जा. गप्प चालू नका, मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. वळणावर आणि झऱ्याकाठी तर नक्कीच. अस्वलाला माणूस नको असतो, पण तो अचानक पुढ्यात उभा राहिला की ते बिथरतं. त्याला आधी कळलं की ते आपणहून वाट सोडतं. पळू नका.

हे ऐकताना मला शाळेतल्या हुशार मुलासारखं वाटायला लागलं. एकट्याने न जाणं, घोळक्याने चालणं, मोठमोठ्याने बोलणं : सगळा अभ्यास झालेला. पन्नास वर्षं कांजूरला राहून माझ्याकडून नकळत याचीच तयारी झाली होती.

एकच गोष्ट अडली. त्या म्हणाल्या, ग्रिझलीने अंगावर येऊन धरलंच, तर पालथं पडा, हात मानेवर घट्ट धरा आणि मेल्यासारखे निपचित राहा. मी मुलाकडे विजयाने पाहिलं. हे तर आम्हाला लहानपणीच शिकवलं होतं! दोन मित्र, अस्वल, एक झाडावर, दुसरा श्वास रोखून जमिनीवर. बाई हसल्या. म्हणाल्या, पण ते मेलेलं खात नाही म्हणून सोडून जात नाही हां. हिवाळी झोपेतून उठलं की थंडीत मेलेली हरणं आणि बायसनच तर ते आधी शोधतं. तुमच्यापासून धोका नाही असं वाटलं, की जातं. म्हणजे गोष्टीतला जमिनीवरचा मित्र वाचला तो चुकीच्या कारणाने. झाडावरच्याचं तर बोलायलाच नको. आपल्या मेळघाटातलं, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेतलं अस्वल झाडावर आरामात चढतं, मधाच्या पोळ्यासाठी चढतं. त्या मैत्रीद्रोह्याला गोष्टीने फारच स्वस्तात सोडलंय. आणखी एक कळलं. आपल्या अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. म्हणजे ती पाठ बसण्यासाठीच होती. माझ्यासाठी नव्हती, एवढंच.

पायवाटेला लागलो. पुढचा एक गट दर मिनिटाला “हे बेअर! हे बेअर!” असं म्हणत टाळ्या वाजवत होता, अगदी सौम्यपणे, शेजाऱ्याला मीठ मागावं तसं. आमच्या हिला ते पटेना. “टाळ्याच वाजवायच्या तर आरती का नको?” सुखकर्त्यापासून सुरुवात झाली. देवे म्हणून झालं. नातवाला आरत्या येत नव्हत्या, पण “मोरया” येत होतं, ते तो मध्ये कुठेही घालत होता. आरत्या संपल्यावर माझ्यातला जुना कार्यकर्ता जागा झाला. मी ओरडलो, “आवाज कुणाचा?” नातू मागून, “कांजूऽरचा!” पलीकडच्या डोंगरानेही कांजूरचाच म्हटलं. चार मैलांत आम्हाला एक खारही दिसली नाही. परत येताना पुढच्या गटातले लोक थांबून आम्हाला वाट देत होते. मला वाटलं सभ्यता. सून म्हणाली, “बाबा, ते म्हणतायत, तुम्ही पुढे चाला, आम्हाला स्प्रेची गरज नाही.”

अस्वल शेवटी दिसलं ते ट्रॅफिक जॅममध्ये. रस्त्याकडेला अस्वल दिसलं की सगळे गाड्या थांबवतात, त्याला तिथे ‘बेअर जॅम’ म्हणतात. लामार खोऱ्यात सकाळी सहाला आम्ही त्यात सापडलो. पुढे चाळीस गाड्या. एकही हॉर्न नाही. लाल बहादूर शास्त्री मार्गावर आयुष्य काढलेल्या माणसाला ती शांतता सहन होईना. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावली होती, त्याने बोलावून मला डोळा लावायला दिला. लांब उतारावर एक तपकिरी ठिपका. ठिपका वाकून काहीतरी उकरत होता. मग त्याने मान वर केली आणि खांद्यावरचं वशिंड दिसलं. दुर्बिणीतसुद्धा माझ्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. पन्नास वर्षांपूर्वीचा गोणपाटाचा वास आला. या अस्वलाच्या नाकात दोरी नव्हती.

त्या गृहस्थानेच सांगितलं, की पूर्वी इथे अस्वलं बघायला इतकी मेहनत नसे. हॉटेलांचा कचरा एका जागी टाकत, अस्वलं तो खायला जमत आणि पर्यटकांना बसायला समोर बाकं मांडलेली असत. चाळीसच्या दशकात ते खेळ थांबले, उरलेली कचराकुंडं १९७०च्या सुमारास बंद केली. मी म्हटलं, आमच्याकडेही डम्पिंग आहे, अगदी घराच्या अंगावर. बाकं तेवढी नाहीत.

निघताना पुन्हा रेंजरबाई भेटल्या. कुठून आलात? मुंबई. मुलाने अभिमानाने सांगितलं, की आमच्या शहराच्या मधोमध एकशे चार चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१५ साली कॅमेरे लावून मोजले तेव्हा त्या परिसरात पस्तीस बिबटे निघाले, पुढे आणखी वाढले. बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांचं उद्यान नऊ हजार चौरस किलोमीटरचं. म्हणाल्या, आणि माणसं? मी म्हटलं, भिंतीला लागून. मग तुम्ही बरोबर काय ठेवता? मी म्हटलं, छत्री.

मी त्यांना वाघोबाचंही सांगितलं. आरेतल्या वारली पाड्यांवर बिबट्याचं देऊळ असतं. तो शेजारी आहे, त्याचा मान ठेवायचा, बस. त्यांनी ते लिहून घेतलं. २००४ सालचं मात्र सांगायला जीभ जड झाली. त्या वर्षी बिबट्यांनी बरीच माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथल्या जंगलात सोडायची तेव्हा रीत होती. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, हे नंतर वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय यांच्यासारख्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. रीत थांबली, लोकांना माहिती दिली गेली आणि हल्ले खूप कमी झाले. आता बिबट्या बहुतेक कुत्र्यांवर भागवतो. २०१८ साली काही संशोधकांनी हिशेब केला, की मुंबईतले बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खात असावेत. कुत्री कचऱ्यावर पोसलेली, कचरा आमचा. एका अर्थी त्याला आम्हीच जेवू घालतो.

“तुम्ही किती वेळा पाहिलात?” बाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, एकदाही नाही. आमच्या कांजूरच्या मागे पवई, तिथे आयआयटीत बिबट्या येतो, तलावात मगरी आहेत, पूर्वेला खाडीच्या तिवरांत कोल्हे आहेत; मी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी बारा हजार किलोमीटर उडून एक तपकिरी ठिपका पाहिला होता. परतीच्या विमानात स्प्रे नेऊ देत नाहीत. तो आम्ही शेजारच्या ब्रेडवाल्या जोडप्याला दिला. हिने त्यांना लोणचंही दिलं, म्हणजे दोन्ही प्रकारचं तिखट झालं.

परत आल्यावर मी हा वृत्तांत बऱ्याच जणांना सांगितला. ठिपका दर वेळी थोडा जवळ येत गेला. गणपतीत मुलुंडला मावसबहिणीकडे जेवायला गेलो, तोवर तो वीस फुटांवर आला होता. तिची इमारत अगदी डोंगराच्या कडेला, मागच्या भिंतीपलीकडे जंगलच. रात्री साडेदहाला खाली उतरलो तर रिक्षा मिळेना. ही आणि बहीण फाटकाशी रिक्षा बघत उभ्या राहिल्या. मी मागच्या बाजूला कट्ट्यावर बसून वॉचमनला ग्रिझली सांगायला घेतलं.

सकाळी बहिणीने व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. सोसायटीचा कॅमेरा, वेळ दहा बावन्न. कट्ट्यावर मी, समोर स्टुलावर डुलक्या घेणारा वॉचमन. माझ्या मागच्या भिंतीवर, बरोबर पंधरा फुटांवर, बिबट्या बसलेला. शेपूट भिंतीवरून खाली सोडलेली. तो माझ्याकडे बघतोय. मी बोलतोय. हातवारे करतोय. मग ग्रिझली मागच्या पायांवर कसं उभं राहतं ते दाखवायला मी कट्ट्यावर चढून दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडलं. बिबट्याने कान मागे पाडले. एक जांभई दिली. उठला, वळला आणि भिंतीपलीकडे उतरून गेला. मी पुढे अकरा मिनिटं बोलतच होतो.

माझे हातपाय गार पडले. हिने फोन घेतला आणि तो व्हिडिओ तीनदा बघितला.

“याला आवाज नाहीये,” ती म्हणाली, “तरी तुम्ही काय बोलताय ते मला अक्षर न् अक्षर ऐकू येतंय.” मग बिबट्या वळतो तिथे तिने चित्र थांबवलं.

“नशीबवान आहे. त्याला उठून जाता आलं.”